सगुणकरांचा वाकडा बांध

कोंडखारच्या खाडीवर उभं राहिलं की दोन्ही अंगांच्या गावांचे बांध दोरी धरून घातल्यासारखे सरळ दिसतात. कोंडखारचा बांध मात्र अर्ध्या वाटेत आत वळतो, कोपरात मुडपलेल्या हातासारखा, आणि पुढे पुन्हा खाडीच्या काठाला येऊन मिळतो. त्या कोपराच्या बाहेर तिवरांचं रान माजलेलं आहे. भरतीला तिथे खारं पाणी भरतं, ओहोटीला बगळे उतरतात. नवख्या माणसाला वाटतं, बांध घालणाऱ्यांचा अंदाज चुकला असावा.

नवखी माणसं इथे पुष्कळ येतात. थंडी पडली की मॉरिशसहून, बहारीनहून, टोरांटोहून, कुठून कुठून येतात, आणि सगळ्यांचं आडनाव एकच असतं, सगुणकर. पेणकर पेणचे, चौलकर चौलचे, तसे आपण सगुण गावचे असं धरून ती फोनच्या नकाशावर सगुण शोधत आलेली असतात. नकाशात ते सापडत नाही. मग कुणीतरी त्यांना बांधालगतच्या इंदूआत्याच्या दारात आणून सोडतं.

"गाव नाही ते," आत्या सांगते. "बाई होती."

यंदा येलेना आली. सर्बियातल्या नोवी साद शहरात जन्मलेली, उंच, आईकडून शिकलेलं मराठी अडखळत पण न लाजता बोलणारी. वडील तिकडचे, आई इकडची, आणि आडनाव आईचं. आत्याने तिला चहा पाजला, बांधाच्या कोपरावर नेलं आणि सगुणेची हकिकत सांगितली.

फार मागची गोष्ट, असं सांगतात. तेव्हा कोंडखारचा बांधही सरळ होता आणि दर पावसाळ्यात फुटत होता. श्रावणातलं मोठं उधाण आलं की एका ठरलेल्या जागी खांड पडायची, खारं पाणी खाचरांत शिरायचं आणि उभं भात करपून जायचं. पुरुष ती खांड दगडांनी, चिखलाने, तिवरांच्या फांद्यांनी बुजवायचे. पुढच्या श्रावणात ती पुन्हा तिथेच पडायची.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या जागी जोमा पाटलाचं शेत होतं. खाडीच्या जुन्या पात्रात काढलेलं, सगळ्यांत खोल. ते सोडून बांध मागच्या उंच मेरेवर, शेताच्या कडेच्या वरंब्यावर, घेतला असता तर टिकला असता. पण जोमा गावातला वडीलधारा. त्याचं शेत पाण्याला सोडा, हे त्याच्या तोंडावर कोण म्हणणार? पंच बसायचे, खोकायचे, माना डोलवायचे, आणि दर वर्षी सगळ्यांचं भात जायचं. म्हातारी माणसं शहाणी असतात, असं तेव्हाही म्हातारी माणसंच सांगत होती.

सगुणा ही या जोमाची सून. खाडीपलीकडून आलेली, आईबाप नसलेली. नवरा चांगा गलबतावर मस्कतकडे गेला होता आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती. पदरी तान्ही चिमा.

त्या वर्षी लावणी आटोपल्यावर पंचांनी भगताला बसवलं. भगत घुमला आणि म्हणाला, बांध माणूस मागतो. घरची लक्ष्मी खांडीत निजली, वर माती पडली, की दर्या मागे हटेल. मग कोणाची लक्ष्मी, यावर बोलणं निघालं. गावच्या लेकी नकोत, त्या रक्ताच्या. सुना बाहेरच्या. आणि सुनांतही जिच्यामागे विचारायला भाऊ येणार नाही, अशी एकच होती. बैठक फार वेळ चालली नाही, म्हणे.

निरोप घेऊन सासू आली. "मान मिळालाय बाय तुला," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

"मग तुमच्या लेकीला द्या ना तो, आते," सगुणा म्हणाली.

सासूचं रडू तिथल्या तिथे आटलं.

सगुणा उठली आणि ओटीवर गेली. सासऱ्यापुढे सुनेने उभं राहायची रीत नव्हती. ती राहिली. जोमा पान जुळवत बसला होता.

"मामा, ते शेत सोडा. बांध मागं घ्या. सारं गाव जगंल, मीपण जगंन."

"शेत बापाचं हाय," जोमा म्हणाला. त्याने पानावरून नजरही उचलली नाही. "सून काय, दुसरी आणता येते."

हे सांगताना इंदूआत्या आवाज चढवत नाही. जोमानेही चढवला नव्हता, असं ती म्हणते.

"त्याला वाईट नाही वाटलं?" येलेनाने विचारलं.

"चुना जास्त झाला त्याचं वाटलं असेल," आत्या म्हणाली.

उधाणाच्या दिवशी सगुणेला न्हाऊ घातलं. हिरवं लुगडं नेसवलं, हातभर चुडा भरला. पानात तांदळाची भाकरी आणि जिताडा माशाचं कालवण वाढलं. अशा वेळी बाईच्या घशाखाली घास उतरत नाही, असा सगळ्यांचा समज. सगुणेने पान चाटूनपुसून साफ केलं आणि आणखी एक तुकडी मागितली.

"भूक लागते तरी कशी गो?" वाढणारी बाई पुटपुटली.

"आजपासून पुढलं सगळं तुम्हीच खाणार. आज मला खाऊ द्या."

निघताना तिने चिमाला शेजारच्या हिराकडे दिलं. हिराही सूनच, दोन घरं सोडून राहणारी.

"मी परत येईपर्यंत बघ हिला."

"कशी येशील गो परत?"

"चालत," सगुणा म्हणाली.

दुपारची भरती लागली तेव्हा सारं गाव वाजतगाजत बांधावर जमलं होतं. खांडीतून पाण्याची पहिली जीभ आत सरकत होती. दोन्ही कडांना मातीच्या पाट्या भरून ठेवल्या होत्या. भगताने तिला खांडीत उतरवलं आणि निजायला सांगितलं.

"निजायची नाय," ती म्हणाली. "दर्याला मी हवी असंन तर दर्या येऊन नेईल. मी हितं उभी हाय. पण कुणी हात लावायचा नाय. दर्याचा मान ना हा? मग ढकलायला माणसं कशाला?"

भगत अडकला. ढकला म्हणावं, तर आपल्याच देवावर भरवसा नाही असं होतं. त्याने मान हलवली. पंचांनाही वाटलं, काय फरक पडतो, पाणी आहेच की.

पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, मांड्यांना आलं. सगुणा भ्याली नाही, असं कुणीच सांगत नाही. तिचे दात वाजत होते. चिमाची पाजायची वेळ टळली होती आणि दुधाने छाती ठणकत होती. पायाखालचा चिखल दर लाटेला निसटत होता. आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, म्हणे, की आपण इथे मेलो तरी पुढच्या श्रावणात हा बांध फुटणार आहे. मग त्या मरणाचा उपयोग कुणाला?

ती एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक. तोंड दर्याकडेच ठेवून, पाणी रेटेल तशी मागे मागे, जोमाच्या शेतातलं भात तुडवत ती चालत राहिली. शेवटी टाचेला कठीण लागलं. शेताची मागची मेर होती ती. ती मेरेवर चढली आणि पाय रोवून उभी राहिली.

जोमा बांधावरून ओरडला, "खांड तिकडं नाय, हिकडं हाय."

"ती खांड तुमची, मामा. माझा बांध हा."

दोन पंच धोतरं खोचून तिला ओढून आणायला खाली उतरू लागले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, म्हणून हिराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. हिराने चिमाला पाठीशी बांधलं, कडेची एक पाटी डोक्यावर घेतली आणि मेरेच्या टोकाकडून चालत येऊन सगुणेच्या पायांशी रिकामी केली. मग तिच्या शेजारी उभी राहिली. यंदा सगुणा, तर पुढच्या वर्षी कोण, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिच्या मागून दुसरी आली. मग एकदम पुष्कळ आल्या. सगळ्या सुना, सगळ्या बाहेरच्या. सासवा नावं घेऊन ओरडत होत्या.

"घरी तर ये, मग बघते तुला."

"आज भाकऱ्या तुम्हीच थापा, आते. उशीर होईल मला."

जोमाच्या शेताला वळसा घालून जाणाऱ्या त्या मेरेवर बायकांची रांग लागली. पंच अर्ध्यात थांबले. एका बाईला ओढता येतं, पण गावच्या सगळ्या घरांतल्या बायकांना कोण ओढणार, आणि संध्याकाळी जेवायला कुठे जाणार? पाणी शेतात भरत भरत मेरेपाशी आलं, बायकांच्या पायांना लागलं, आणि असं सांगतात की तिथे थांबलं. कुणी म्हणतं, दर्याला लाज वाटली. कुणी म्हणतं, पाण्याला त्याची जुनी जागा परत मिळाली, ते आणखी कशाला भांडेल? इंदूआत्या दोन्ही सांगते आणि ज्याला जे पटेल ते घ्या म्हणते.

मग त्या बायकांचे नवरे पाट्या घेऊन धावले. ओहोटी लागेपर्यंत मेर कमरेइतकी उंच झाली होती. पुढे तिच्यावर दगड चढले, माती चढली. बायका जिथे जिथे उभ्या होत्या, तिथून बांध गेला. म्हणून तो वाकडा आहे. भगत मरेपर्यंत सांगत होता की मंत्र त्याचाच लागू पडला.

त्या साली कोंडखारचं भात पिकलं. पंचांनी तो नवा भात खाल्ला आणि तोंड पुसून निकाल दिला. सगुणेने सासऱ्याचं शेत बुडवलं, तेव्हा तिने जोमाच्या घराचं नाव लावायचं नाही. तिच्या पोरीनेही नाही.

"बरं," सगुणा म्हणाली. चिमाला काखेला मारून तिने बांधाच्या कोपरावर झोपडं घातलं.

पाणवठ्यावर गावातले टवाळ विचारायचे, "गाव नाय, घर नाय, कुठली गो तू? सगुणकर?" चिमा बोलायला लागली तेव्हा तिनेही ते ऐकलं. कुणी तिला कोणाची म्हणून विचारलं की ती मान ताठ करून सांगायची, सगुणकर. दोन-चारदा असं झाल्यावर टवाळांना त्यात मजा वाटेनाशी झाली.

चांगा मस्कतहून परत आला, तेव्हा जोमाने त्याला धक्क्यावरच गाठलं. घर हवं की ती हवी, ते आत्ताच सांग म्हणाला. चांगाने पेटी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "तिचं छप्पर गळतं का वो?" मग कोपराच्या वाटेला लागला. पुढे गलबतावर कुणी नाव विचारलं की तोही चांगा सगुणकर सांगायचा.

चिमाच्या लग्नात नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, आता हे आडनाव सुटलं म्हणा पोरीचं. सगुणा म्हणाली, "हे नाव आम्हाला शिवी म्हणून मिळालं. ते सांभाळायला काय पडतं ते मला ठावं. नाव राहील, नायतर वऱ्हाड परत जाईल." नवऱ्या मुलाला परत जायचं नव्हतं. त्याच मांडवात सगुणेने लेकीकडून वचन घेतलं की सगुणकरांची मुलगी हे नाव टाकणार नाही, आणि पोटच्या पोरांनाही हेच देईल.

म्हणून हे आडनाव असं पसरलं. इतर आडनावं मुलग्यांबरोबर चालली. हे मुलग्यांबरोबर चाललं आणि मुलींबरोबरही. चिमाच्या मुली उसाच्या मळ्यांवर मॉरिशसला गेल्या, तिथे सगुणकरांच्या वस्त्या झाल्या. कुणी झांझिबारला गेलं, तिथून बहारीनला, नाती-पणती टोरांटोला. कोंडखारात आज सगुणकरांची मोजकीच घरं उरली आहेत.

येलेनाची आई शेतकीचं शिकायला नोवी सादला गेली आणि तिथेच तिने लग्न केलं. येलेना जन्मली तेव्हा सर्बियन आजोबा म्हणाले, आमच्याकडे नाव बापाचं लागतं, आमचं स्तानिच हे नाव पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. आईने ऐकलं नाही. आजोबांनी बोलणं टाकलं.

"मग?" आत्याने विचारलं.

"मग त्यांनीच शोधलं, स्तानिच कुठून आलं. तुझं नाव खोटं, माझं खरं, असं आईला दाखवायला." येलेना हसली. "स्ताना बाईचं नाव आहे. विधवा होती. तिची मुलं तिच्या नावाने ओळखली गेली. आजोबा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत."

"आमच्यातलीच की गो ती," आत्या म्हणाली.

मग येलेनाने विचारलं, "आणि जोमा? त्याला काहीच नाही झालं?"

जोमाचं एवढंच झालं, असं सांगतात. त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. नवी सून वेशीपर्यंत आली, पण तिला ओवाळून घरात घ्यायला गावातली एकही बाई पुढे होईना. साऱ्याजणी हिराच्या मागे बांधावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पाटलाने आधी पोरीला इथे आणावं, म्हणाल्या, आणि त्या पाण्याखाली काय गेलं ते आपल्या तोंडाने सांगावं. नाहीतर घ्या घरात तुमची तुम्ही. जोमा संध्याकाळपर्यंत अडून बसला. नवरी वेशीवर, वऱ्हाड उपाशी. शेवटी तो पोरीला घेऊन बांधावर आला. बुडालेल्या शेताकडे हात करून त्याला सांगावं लागलं की ते माझं होतं, त्याच्यापायी मी सून द्यायला निघालो होतो, ते गेलं ते बरं झालं. सगुणा तेव्हा झोपडीच्या दारात भात कांडत होती. तिने कांडणं थांबवलं नाही.

आजही कोंडखारात नवी सून आली की तिला आधी देवळात नेत नाहीत. सासरा तिला बांधाच्या कोपरावर आणतो, तिवरांकडे बोट दाखवतो आणि चारचौघांत म्हणतो, "ते शेत होतं. गेलं ते बरं झालं." पुष्कळ सासरे हे घाईघाईने, तोंडातल्या तोंडात उरकतात. मग सून म्हणते, "ऐकू नाय आलं, मामा," आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागतं.