अर्ध्या मडक्याची हाक

“दादाने हाक का मारली नाही?” धाकट्याने आईला विचारलं, बापाला विचारलं, वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही विचारलं.

फार जुनी गोष्ट. एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांची वाडी होती. दोराला फळी बांधायची, तिच्यावर एकाने बसायचं आणि मडकं घेऊन कड्याच्या पोटाशी उतरायचं. बाकीचे वर दोर धरत. वरून खालचा माणूस दिसत नसे. त्याने ‘ओढा’ म्हटलं की ओढायचं, असा रिवाज होता.

वाडीतल्या एका घरात दोन भाऊ होते. थोरला पहिल्यांदा उतरला तेव्हा लहान होता. माश्या अंगावर आल्या तशी त्याने हाक मारली. बापाने त्याला ओढून घेतलं, पण रिकामं मडकं गळ्यात बांधून वाडीभर फिरवलं. लोक पोट धरून हसले. आईही हसली.

“मडकं भरलं की तोंड उघडायचं,” बाप म्हणाला. “तोवर नाही.”

थोरला ते शिकला. मोठा झाला, पण पायात काटा मोडला तरी बोलेना, ठरलेलं लग्न मोडलं तरी बोलेना. रात्र रात्र जागायचा आणि विचारलं तर छान झोप लागली म्हणायचा. बाप चारचौघांत सांगायचा, माझं पोर म्हणजे नुसता कातळ आहे.

एकदा तो अंगात ताप घेऊन उतरला. कुणाला सांगितलं नव्हतं. दोर जरा हलला, पुन्हा हलला. बापाला वाटलं, पोरगा पोळं कापतोय. मग दोर एकदम हलका लागला. फळी वर आली ती रिकामी.

पुढच्या हंगामात बापाने धाकट्याला फळीवर बसवलं. थोड्या वेळाने खालून हाक आली, “बाबा, ओढा.”

“मडकं भरलं का?” बापाने सवयीने विचारलं.

“अर्धंच भरलंय. मला भीती वाटतेय.”

दोर धरलेला एक शेजारी हसला. म्हणाला, हे तर सशाच्या काळजाचं निघालं. बापाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो ओढत राहिला. धाकटा वर येऊन उभा राहिला तरी बापाच्या मुठी दोरावरून सुटेनात. धाकट्याने एकेक बोट धरून त्या सोडवल्या. दादाने हाक का मारली नाही, ते त्याला बापाच्या प्रश्नातून कळलं होतं. मग घरी जाऊन अर्धं मडकं आईच्या हाती दिलं आणि वाडी सोडून निघून गेला. आईबापासाठी त्याने केलेलं हे शेवटचं काम.

तात्पर्य: ज्या घरात मुलाच्या भीतीचं हसं होतं, तिथलं मूल मोठं झाल्यावर जिवावर बेतलं तरी हाक मारत नाही.