कोळपी नावाचा संगणक

एका डोंगराळ गावात भाताचं जुनं बियाणं सांभाळणारी एक संस्था होती. तिथल्या संगणकांना भाताच्या जातींची नावं असत. एक संगणक मोडला, की त्याचं नाव नव्याला द्यायचं, नातवाला आजोबांचं ठेवतात तसं. रीत गोड होती. पुढचा घोळ रीतीने घातला नाही, निरंजन खोताने घातला.

निरंजन तिथले संगणक सांभाळी. हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याने एक शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या हुकुमांची यादी. जागा मोकळी व्हावी म्हणून दोन वर्षांहून जुने, दुसरी प्रत काढून ठेवलेले भाताचे फोटो तिने पुसायचे. पण फोटोची तारीख विचारण्याचा हुकूम लिनक्स प्रणालीच्या संगणकावर वेगळा, मॅक संगणकावर वेगळा. आपण कुठे चालतो आहोत, हे स्क्रिप्टला आधी कळायला हवं. तिथला ‘कोळपी’ नावाचा संगणक लिनक्सवर चाले, म्हणून निरंजनने तिला सांगून ठेवलं, संगणकाचं नाव ‘कोळपी’ दिसलं की लिनक्स समज.

संस्था चालवणाऱ्या मंदाताई भोईर म्हणाल्या, “अरे, नाव कशाला बघतोस? तू कोण, असं त्या मशीनलाच विचारता येत नाही का?”

“येतं की. युनेम नावाचा हुकूम आहे. पण मला माहीत असताना विचारायचं कशाला, ताई?”

आता यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करणार!

दिवाळीनंतर जुना कोळपी बंद पडला. त्याच्या जागी मॅक आला. निरंजनने स्वतःच्या हाताने त्याचं नाव ‘कोळपी’ ठेवलं आणि तीच स्क्रिप्ट चालवली. तिने नाव पाहून लिनक्सचा हुकूम सोडला. मॅकला तो कळला नाही, तारीख कोरी आली. कोरी म्हणजे शून्य, आणि संगणकाच्या मोजणीत शून्य म्हणजे १९७० साल, असं धरून तिने गेल्या महिन्यातले फोटोही पन्नास वर्षांहून जुने ठरवले आणि सगळे पुसून टाकले. त्यांत गावातले शेतकरी सोमा वाघेर यांच्या भाताच्या लोंब्यांचे फोटो होते. ती जात तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि फोटोंची दुसरी प्रत अजून काढायची होती.

निरंजनचा चेहरा उतरला. “ताई, आता युनेम घालतो.”

“किती वेळ लागेल?”

“एकच ओळ आहे. अर्धं मिनिट.”

“आणि सोमादादांचं भात परत लोंबीवर यायला?”

निरंजनने खिडकीतून कापणी झालेल्या शेताकडे पाहिलं. “एक वर्ष,” तो म्हणाला.

तात्पर्य: समोरचा कोण, हे त्यालाच विचारावं, आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, तेव्हा तर हमखास विचारावं.