गजराआत्याने निवडलेली खाणावळ

लग्नाचा बस्ता बांधायला अकरा माणसं सोलापुरात आली. दुपारी सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, तशी मुलीच्या बापाने धास्तीच घेतली. सोबत व्याही होते. जेवण बिघडलं असतं तर जन्मभर तेच उगाळत बसले असते! त्याने निवड आपल्या बहिणीवर, गजराआत्यावर सोपवली.

समोरासमोर दोन खाणावळी होत्या. एक तात्यासाहेबांची, आरसे-झुंबरांची. दुसरी साध्या पत्र्याच्या छपराची. आत्याने दोन्हींच्या मागच्या बोळांतून एक चक्कर मारली आणि ती थेट पत्र्याकडे निघाली.

तात्यासाहेब आडवे आले. "बाई, चव न घेताच पाठ फिरवता? एक कारण सांगा, नाहीतर मुकाट्याने आत चला!"

"तुमच्या बोळातली कुत्री लई गुबगुबीत आहेत हो."

तात्यासाहेबांची छाती फुगली. "असणारच! आमच्या पत्रावळींवर पोसलीत ती. समोरच्याची बघा, बरगड्या मोजून घ्या!"

"मोजल्या की," आत्या म्हणाली. "तिथं माणसंच पान पुसून उठतात, कुत्र्यांना उरणार काय? तात्यासाहेब, आम्ही माणसं. माणसं जेवतात तिथंच जाणार!"

पहिल्यांदा हसले ते व्याहीच. पत्र्याखाली त्यांनी तीनदा आमटी मागून घेतली.

उठताना आत्याने आपली अर्धी भाकरी मागच्या बोळातल्या रोडक्या कुत्र्यापुढे टाकली. "खा बाबा. आज तुझ्यामुळं आमची अब्रू राहिली."