हरणांची टिटवी

एका उघड्या माळावर, तळ्याच्या काठाला, एक टिटवी राहत असे. तिचं घरटं म्हणजे खड्यांमधला एक खळगा आणि त्यात चार अंडी. तिचं मतही तसंच साधं होतं : पाण्यावर कुणीही आलेलं असो, लांडगा दिसला की त्याला सावध करायचं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. हरणं असोत की नीलगाई, तिचा आवाज ऐकून सगळे पळत, आणि एरवी तिचा खळगा टाळून चालत.

एक दिवस हरणांचा म्होरक्या काळवीट तिच्याकडे आला. "टिटवीताई, सगळ्यांना सावध करायचं, हेच तर आमच्या कळपाचंही म्हणणं आहे! मग एकट्या कशाला राहता? आमच्यात या." टिटवी हरखली. आपल्या मनातलं इतक्या जणांच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत नाही? अट एकच होती, आणि ती तिला बारीकशीच वाटली. ओरडण्याआधी काळविटाला विचारायचं.

आठवडाही झाला नसेल. नीलगाई पाणी पीत होत्या आणि गवतात लांडगा हलला. टिटवीने विचारलं, "ओरडू?"

"थांबा जरा. पाणी त्यांनी अडवलंय."

"पण सगळ्यांना सावध करायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो की. सगळ्यांना म्हणजे आपल्या सगळ्यांना."

एवढी मोठी शिंगं आहेत, काहीतरी विचार केलाच असेल, अशी टिटवीने स्वतःची समजूत घातली आणि चोच मिटून घेतली. लांडग्याने एक वासरू नेलं.

टिटवी गप्प बसली म्हणजे हरणांनीच बसवली, हे ओळखून नीलगाई चवताळून धावून आल्या. हरणं उधळली ती थेट खळग्यावरून. "अंडी! माझी अंडी!" टिटवी किंचाळली.

"चला, थांबू नका! टिटवीताई आपल्याच आहेत, समजून घेतील," धावता धावता काळवीट कळपाला म्हणाला.

धूळ बसल्यावर तो परत आला. "वाईट झालं, ताई. आता नीलगाईंनी अंडी तुडवली, असं माळभर ओरडा."

टिटवीने फुटक्या टरफलांभोवतीचे ठसे पाहिले. अरुंद, टोकदार. "खूर तर तुमचे आहेत."

"खूर कुणाचे ते कळप ठरवतो," काळवीट शांतपणे म्हणाला.

टिटवी त्याच दिवशी कळपातून निघाली. दोन दिवसांनी लांडगा पुन्हा नीलगाईंच्या मागे आला, तेव्हा ती कुणालाही न विचारता, घसा फुटेस्तोवर ओरडली. एका नीलगायीने मान वर केली. दुसरी म्हणाली, "पी गं पाणी. ती हरणांची आहे, ओरडू दे तिला." मान पुन्हा पाण्याकडे वळली.

तात्पर्य : एखादा पक्ष आपल्या विचारासारखं बोलतो, म्हणून तो आपला विचार होत नाही. पटेल तिथवर त्याच्याबरोबर चालावं. पण कधी बोलायचं हे त्याला विचारू लागलो, की पुढे आपलं खरं बोलणंही त्याचंच समजलं जातं.