दहा लाख तीनला कोण भागणार?

राजा चंद्रादित्याला स्तुती फार आवडायची. हे हेरून गंगेशशास्त्री दरबारात आले आणि त्यांनी पाटीवर ठसठशीत संख्या लिहिली: दहा लाख तीन.

"महाराज, ही मूळ संख्या! दोन, तीन, पाच, सात, कुणालाच दाद देत नाही. भागायला गेलं की बाकी उरतेच. आपलं राज्यही असंच अभंग राहावं. त्यासाठी हे सात मंत्री काढा आणि सल्ल्याला मला एकट्याला ठेवा."

राजा खुलला. मंत्र्यांचे चेहरे उतरले. त्या सातांत राजाची थोरली बहीण रेणुक्काही होती. तिने विचारलं, "शास्त्रीबुवा, मग हिला भाग जातो तरी कशाने?"

"फक्त एकाने, नाहीतर तिने स्वतःने."

"ऐकलंत महाराज? सातांना हे राज्य फोडता येणार नाही. एकट्याला मात्र येईल!"

दरबारात हशा पिकला. शास्त्री गडबडले. "अहो अक्कासाहेब, एकाने भागलं तरी संख्या होती तेवढीच राहते. त्या एकाने काहीच फरक पडत नाही!"

"मग त्याला ठेवायचं कशाला?" रेणुक्का म्हणाली.

राजा इतका हसला की त्याला मुकुट सावरावा लागला. मंत्री जागेवर राहिले आणि शास्त्रीबुवांना नारळ मिळाला.