सोलणीचं गाणं

"पण हा कॅमेरा माझा कधी होणार, दोना झुल्मिरा?"

माझ्या नवऱ्याने हे चौथ्यांदा विचारलं. आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. इतक्या चिकाटीने त्याने मला मागणीही घातली नव्हती.

दोना झुल्मिरा टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत राहिली.

एकेचाळीस वर्षं तिने तो कॅमेरा खांद्यावर वागवला. आधी कथापट, मग माहितीपट, मग पुन्हा कथापट... घर चालायला हवं ना. आता नजर अधू झाली होती. म्हणून आवाज ती टिपायची आणि बघायला माझ्या नवऱ्याला, एव्हेराल्दोला, ठेवलं होतं. हा तिचा शेवटचा माहितीपट. त्यानंतर कॅमेरा कुणाला तरी देऊन टाकायचा, हे तिने ठरवलं होतं. कुणाला, ते नव्हतं ठरवलं.

एव्हेराल्दो तीन वर्षं रिओमध्ये कौटुंबिक कथापटांवर होता. तिथे नट खडूच्या खुणेवर येऊन थांबतात आणि सांगितल्यावर रडतात. जग असंच चालतं, अशी त्याची समजूत.

इथे ईशान्य ब्राझीलमध्ये, पेर्नाम्बुकोच्या आडगावात, कसाव्याच्या पिठाच्या भट्टीवर, कितेरिया आजी होती. वय एक्याऐंशी. कसाव्याचे कंद सोलताना बायका म्हणायच्या ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत आता तिलाच येत होतं. माहितीपट त्या गाण्यावर उभा राहणार होता.

तीन दिवस गाणं आलं नाही.

एव्हेराल्दो दिवे लावायचा, आजीला खिडकीकडे सरकवायचा, मग तिच्या नाकासमोर क्लॅप धरून फळी खाडकन आपटायचा. चित्र आणि आवाज पुढे जुळवायला तो ठोका लागतोच. पण ठोका पडला, की आजी सुरी खाली ठेवायची, डोक्याचा रुमाल सारखा करायची आणि मिरवणुकीतल्या संताच्या मूर्तीसारखी ताठ बसायची.

"तुझा नवरा फळी आपटतो," ती मला म्हणाली, "आणि माझ्या पोटातलं गाणं सशासारखं बिळात पळतं."

चौथा दिवस शेवटचा. संध्याकाळी भट्टी विझणार होती, बायका आपापल्या घरी जाणार होत्या. आज गाणं मिळालं नाही, तर माहितीपट गाण्याविना आणि एव्हेराल्दो रिओला, असं दोना झुल्मिराने सांगून टाकलं होतं.

त्याने दिवे लावले. क्लॅप उचलला.

दोना झुल्मिराने तो त्याच्या हातातून काढून घेतला. जमिनीवर ठेवला. त्यावर बसली.

मग दिवे विझवायला लावून तिने त्याच्या हातात सुरी दिली.

"सोल."

"आणि शॉट?"

तो सोलायला बसला. कॅमेरा शेजारच्या पोत्यावर. सालीबरोबर अर्धा कंद जाऊ लागला, तसं आजीने विचारलं, रिओत सालच खातात का. बायका हसल्या. एकीने मला विचारलं, हा तुला कुठे मिळाला. मी म्हटलं, कलावंत आहे असं सांगितलं होतं मला.

तास गेला. आजीने त्याचा अंगठा धरून सुरी कशी फिरवायची ते दाखवलं. कॉफी आली. त्याच्याकडे बघायचं सगळ्या विसरून गेल्या. त्याचे कंदही जरा बरे निघू लागले.

मग आजीच्या घशात काहीतरी घुमलं. पहिली ओळ बाहेर आली...

एव्हेराल्दोची सुरी थांबली. त्याने हात पँटला पुसले. ठोका नाही, शब्द नाही. कॅमेरा असा उचलला, जसं निजलेलं मूल उचलतात. आजीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं... शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं... आणि गात राहिली. बायकांनी ध्रुवपद धरलं. दोना झुल्मिराचा टेपरेकॉर्डर केव्हाचाच फिरत होता.

नऊ मिनिटं. अख्खं गाणं.

ते संपलं, तेव्हा दोना झुल्मिरा क्लॅपवरून उठली. एव्हेराल्दोने तो उलटा धरला आणि भिंगासमोर वाजवला. सुरुवातीला ठोका देता आला नाही, तर शेवटी उलट्या क्लॅपचा द्यायचा, ही माहितीपटवाल्यांची जुनी रीत. रिओत तो या रीतीला गबाळेपणा म्हणायचा.

आजी दचकली. रुमाल सारखा केला. ताठ बसली.

"हं. करू का सुरुवात?"

हसू आवरेना कुणाला. दोना झुल्मिराने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि टेप लावली. आजी ऐकत राहिली.

"ही माझी आई गातेय," ती शेवटी म्हणाली.

माहितीपटात ठेवू का, असं एव्हेराल्दोने विचारलं. ठेवलं नाहीस तर ही सुरी आहेच, असं तिने त्याला सांगितलं.

मग हेडफोन काढून ती उभी राहिली. गाणं पहिल्यापासून धरलं, दुप्पट आवाजात. बायकांनी सुऱ्यांच्या मुठींनी टोपल्यांवर ताल दिला. पीठ भाजायच्या तव्याजवळचे पुरुष, ज्यांना एक ओळ येत नव्हती, तेही ओरडून गाऊ लागले. दारातून ऊन आलं होतं आणि उडणारं पीठ त्यात चमकत होतं.

असं दृश्य जन्मात एकदा मिळतं, हे मलाही कळलं. एव्हेराल्दोने झडप घालून कॅमेरा उचलला.

दोना झुल्मिराने भिंगावर तळवा ठेवला.

"दोना... हे तर मघापेक्षा..."

"आजपासून हा तुझा," ती म्हणाली. "आता खाली ठेव आणि गा."