हिरवं बटण

एका शहरात हेरंब नावाचा एक कारागीर राहत होता. तो सुतार नव्हता की लोहार नव्हता. तो संगणकाचे प्रोग्रॅम बनवायचा. त्याचा हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

एकदा त्याला द्राक्षांच्या गावातून बोलावणं आलं. तिथे दौलतराव नावाच्या बागायतदाराचं पॅकहाऊस होतं. चाळीस बायका लांबलचक टेबलांशी उभ्या राहून घड निवडायच्या. कुठला घड निर्यातीचा, कुठला बाजाराचा आणि कुठला बेदाण्याला घालायचा, हे त्या नजरेनेच ठरवायच्या. त्यांत गिरजाबाई सगळ्यांत जुन्या. त्यांनी बावीस हंगाम त्या टेबलाशी काढले होते. दौलतरावांना आता प्रत्येक घडाची नोंद संगणकात हवी होती.

"आत जाऊन काम बघता का?" त्यांनी हेरंबला विचारलं.

"काचेतून दिसतंय की," हेरंब म्हणाला. चहा घेतला आणि शहराची वाट धरली.

दोन महिने खपून त्याने प्रोग्रॅम बनवला. दिसायला तो खरोखरच देखणा होता. प्रत्येक बाईच्या पुढ्यात एक स्क्रीन, स्क्रीनवर तीन बटणं. घड क्रेटीत ठेवण्याआधी त्याचं बटण दाबायचं, असा नियम. क्रेट भरली की नोंदींप्रमाणे चिठ्ठी निघणार आणि चिठ्ठी बघून हमाल माल गाडीत चढवणार. निर्यातीचं बटण त्याने मोठं, हिरवंगार केलं आणि सगळ्यांत खाली, अगदी हाताशी ठेवलं. त्या बटणावर त्याचा विशेष जीव होता.

मग त्याने गावच्या सभागृहात तीन दिवस प्रशिक्षण घेतलं. पडद्यावर चित्रं दाखवली, टाळ्या वाजवून घेतल्या, शेवटी परीक्षाही घेतली. तीन दिवसांत सभागृहात द्राक्षाचा एक मणीसुद्धा आला नाही.

गिरजाबाईंनी एकदा हात वर केला. "साहेब, हे करताना घड कुठं ठेवायचा?"

"घडाचं नंतर बघू, मावशी. आधी बटण शिका."

सगळ्या बायका पास झाल्या. गिरजाबाई पहिल्या आल्या. त्यांना चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं आणि त्यांनी ते घरी देवघराशेजारी टांगलं.

हंगाम सुरू झाला. आठव्या दिवशी दौलतरावांचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला होता. संगणकाच्या हिशेबी सगळाच माल निर्यातीचा होता. बेदाण्याच्या क्रेटींवरही निर्यातीच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या, आणि खरेदीदाराच्या माणसाने चार क्रेटी उघडून अख्खी गाडी परत पाठवली होती.

"तुमचं यंत्र चुकलं की माझ्या बायका चुकल्या, एवढं मला लिहून द्या," दौलतराव म्हणाले. "बायका चुकल्या असतील तर जुन्या नऊ जणींना मी उद्याच घरी बसवतो. गिरजाबाईंपासून सुरुवात. संगणक येणाऱ्या मुली आणतो."

हेरंबने आपल्या टेबलावर प्रोग्रॅम चालवून पाहिला. एकदा, दोनदा, दहादा. कुठेही चूक नव्हती. दाबलेल्या बटणाचीच नोंद होत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. शेजारची तीन पॅकहाऊसं हाच प्रोग्रॅम घ्यायला टपून बसली होती. त्यात खोट निघाली असती तर तिन्ही कामं हातची गेली असती. 'चूक वापरणाऱ्यांची आहे' असा कागद त्याने टाइप केला, घडी घालून खिशात ठेवला आणि गाव गाठलं. सही करण्याआधी आत एक चक्कर मारावी, म्हणजे कुणी नावं ठेवायला नको, एवढाच त्याचा विचार होता.

गिरजाबाईंचा चेहरा उतरलेला होता. "साहेब, शिकून पास झाले, तरी माझ्या हातून चुकतंय. कुठं चुकतंय ते तेवढं दाखवा."

"दाखवतो," हेरंब म्हणाला आणि त्यांच्या जागी उभा राहिला.

गिरजाबाईंनी त्याला रबरी हातमोजे चढवायला लावले. डाव्या हातात देठाला धरलेला घड दिला, उजव्या हातात कात्री दिली. हेरंबने दोन सडके मणी छाटले. घड बाजाराचा ठरला. आता बटण. तो थांबला, कारण दोन्ही हात अडकलेले होते. त्याने घड टेबलावर टेकवायला हात खाली नेला.

"ठेवू नका!" तीन-चार बायका एकदम ओरडल्या. गिरजाबाई म्हणाल्या, "क्रेटीत कागदाची गादी असते, टेबलावर नसते. मण्यावरची पांढरी साय पुसली की माल शिळा दिसतो."

त्याने कात्री ठेवून बोट लावलं. हातमोज्याच्या बोटाला स्क्रीन दाद देईना. मोजा काढायला दुसरा हात मोकळा नव्हता. मागे क्रेटी तुंबत चालल्या होत्या. शेवटी हेरंबने वाकून उघडं कोपर पुढे केलं. कोपर पोहोचलं ते सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत मोठ्या बटणावर. स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली: निर्यात.

कुणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "म्हणजे तुमचंही कोपरच जातंय," गिरजाबाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, आम्हीच अडाणी."

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात दौलतरावांनी पेन पुढे केलं. "काय ते लिहा आणि मोकळे व्हा. बायकांचंच चुकलं ना?"

खिशातला कागद तयारच होता. नुसती सही करायची होती, मग तिन्ही पॅकहाऊसं त्याची होती. हेरंबने कागद काढला, फाडला आणि कोऱ्या पानावर लिहिलं: चूक माझी आहे.

"हे मी शेजाऱ्यांना सांगणार बरं का," दौलतराव म्हणाले.

"सांगा," हेरंब म्हणाला.

त्यांनी सांगितलं. दोघांनी नकार कळवला, तिसरा थांबून राहिला. गिरजाबाई आणि बाकीच्या आठ जणी मात्र आपापल्या जागी राहिल्या.

त्यानंतर आठ दिवस हेरंब टेबलाशी उभा राहून घड छाटत होता. पाय भरून यायचे, बोटांना वळ उठायचे. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बायका नोंद कधीपासूनच करत होत्या: निर्यातीचा घड उजव्या क्रेटीत, बाजाराचा समोरच्या, बेदाण्याचा डाव्या. त्याने स्क्रीन काढून टाकल्या आणि प्रत्येक क्रेटीखाली एक वजनकाटा बसवला. घड जिथे ठेवला, तिथली नोंद आपोआप होऊ लागली. बटण एकही उरलं नाही, हिरवंसुद्धा.

नवं प्रशिक्षण टेबलाशीच, अर्ध्या सकाळीत उरकलं. शेवटी परीक्षा झाली, पण या वेळी ती गिरजाबाईंनी हेरंबची घेतली. त्यांनी त्याच्यापुढे दहा घड ठेवले. चार घडांची प्रत त्याने चुकवली.

"नापास ना, मावशी?"

"पास," गिरजाबाई म्हणाल्या. "एकदाही घड टेबलावर टेकवला नाहीत."

तात्पर्य: जी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची, ती घडवण्याआधी त्याचे हात कशात गुंतले आहेत ते पाहावे; न पाहता घडवलेली वस्तू अडली, तर दोष वापरणाऱ्याचा नसतो, घडवणाऱ्याचा असतो.